पाच वर्षांची मुदत: कोकण रेल्वेच्या उद्दिष्टाने काय साधले आणि ते कुठे अडले

रोह्याला १५ सप्टेंबर १९९० रोजी कोकण रेल्वेची पायाभरणी झाली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग नव्याने टाकायचा होता आणि त्यासाठी मुदत घेतली होती पाच वर्षांची. संपूर्ण मार्गावर प्रवासी गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ ला, म्हणजे ठरल्यापेक्षा दोन वर्षांहून अधिक उशिराने. आजच्या एखाद्या कंपनीच्या तिमाही आढाव्यात हे काम लाल रंगात दिसले असते.

तरीही टीमला अवघड टार्गेट द्यावे का, द्यायचे तर कसे, हा प्रश्न निघाला की मला हेच प्रकरण उघडावेसे वाटते. मुदत एक, संस्था एक, प्रमुख एक, आणि तरीही त्या उद्दिष्टाचा परिणाम मार्गाच्या वेगवेगळ्या भागांत अगदी वेगळा झाला. जिथे काम कसे करायचे हे माहीत होते, तिथे मुदतीने माणसांना पुढे नेले. जिथे ते कोणालाच ठाऊक नव्हते, तिथे मुदत काही करू शकली नाही, आणि तिथली किंमत माणसांनी जिवाने मोजली.

आधीची स्थिती

कोकणात रेल्वे यावी ही मागणी जुनी. अ. ब. वालावलकरांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले. बॅ. नाथ पै यांनी ती लोकसभेत लावून धरली आणि त्यांच्यानंतर राजापूरचे खासदार झालेल्या मधु दंडवते यांनी ती खाली ठेवली नाही. रूळ मात्र फारसे सरकत नव्हते. गाडी आपट्यापर्यंत १९६६ मध्ये आली आणि रोह्यापर्यंत पोहोचायला १९८६ उजाडले. रायगड जिल्ह्यातल्याच या दोन स्थानकांमधल्या टप्प्याला वीस वर्षे लागली. पाच वर्षांत ७४० किलोमीटर हे ऐकून जुन्याजाणत्या रेल्वेवाल्यांना काय वाटले असेल, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

शिवाय ही जमीन आडवी पडणारी. सह्याद्रीचे फाटे पूर्वेकडून पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने उतरतात. नद्याही तशाच वाहतात. रेल्वेला जायचे उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणजे वाटेतला एकेक डोंगर भेदायचा आणि एकेक नदी, खाडी ओलांडायची. शेवटी या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे झाले आणि त्यांची एकत्र लांबी ८० किलोमीटरच्या वर गेली. मोठे पूल १८० च्या आसपास, लहान पूल सुमारे १,८००. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच, होन्नावरचा शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरहून लांब. त्यात पाऊस असा, की वर्षातले चार महिने उघड्यावरचे काम जवळजवळ थांबलेलेच.

मुदतीमागचे कारण

बहुतेक कार्यालयांत अवघड टार्गेट वरून येते आणि त्यामागचे कारण वरच राहते. गेल्या वर्षी दहा टक्के वाढ झाली म्हणून यंदा पंचवीस. कोकण रेल्वेच्या मुदतीला मात्र पायाशी काम करणाऱ्या अभियंत्यालाही समजावे असे कारण होते.

१९८९ च्या अखेरीस केंद्रात सरकार बदलले. मूळचे मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, दंडवते अर्थमंत्री झाले आणि कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. पण रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी थोडे थोडे पैसे घेऊन हा मार्ग बांधायचा म्हटले असते, तर कित्येक दशके गेली असती. म्हणून १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे कॉर्पोरेशन ही वेगळी कंपनी स्थापन झाली. तिच्यात रेल्वे मंत्रालयाचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळचा प्रत्येकी ६ टक्के वाटा होता. भागभांडवलाव्यतिरिक्त लागणारा मोठा पैसा रोखे काढून बाजारातून उभा करायचा होता.

रोख्यांवर व्याज चालू होते, आणि गाडी धावेपर्यंत उत्पन्न शून्य. प्रत्येक लांबलेला महिना कर्जात भर घालणार होता. पाच वर्षांचा आग्रह या हिशेबावर उभा होता. जेव्हा काम लांबले, तेव्हा खर्च सुमारे साडेतीन हजार कोटींवर गेला आणि त्यात व्याजाचा वाटा मोठा होता. पुढे कित्येक वर्षे कंपनी या कर्जाखाली दबून राहिली. टीमला मुदत पाळायला सांगताना ती चुकली तर नेमके काय बिघडेल हे दाखवता आले, तर तिला दडपण म्हणून पाहिले जात नाही. माझ्या मते या प्रकरणातली ही सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे.

मुदतीसोबत काय दिले

कंपनीचे पहिले अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक ई. श्रीधरन. ते जून १९९० मध्ये रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि या कामासाठी त्यांना परत बोलावण्यात आले. त्यांच्या नावावर एक जुने प्रकरण जमा होते. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरला जोडणाऱ्या पांबन पुलाचे बरेचसे गर्डर वाहून गेले. दुरुस्तीला रेल्वेने सहा महिने ठरवले, वरिष्ठांनी ती मुदत तीन महिन्यांवर आणली, आणि तरुण अभियंता असलेल्या श्रीधरन यांनी ४६ दिवसांत पूल उभा केला. समुद्रात पडलेले गर्डर शोधून, वर काढून पुन्हा वापरले, म्हणून ते साधले. कमी केलेली मुदत पाळून दाखवलेला माणूस कोकणच्या मुदतीवर बसवला गेला, हे महत्त्वाचे. उद्दिष्टावर विश्वास बसायला ते सांगणाऱ्याचा इतिहास लागतो.

पण एका माणसाच्या कर्तबगारीची गोष्ट म्हणून हे सांगणे मला पटत नाही. मुदतीसोबत रचनाच बदलली होती. मार्गाचे सात विभाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येकाकडे शंभरेक किलोमीटर आणि त्यावर एक मुख्य अभियंता, ज्याच्या हातात जागेवरच निर्णय घेण्याचे अधिकार. कंपनीचे मुख्यालय नवी मुंबईत बेलापूरला होते, पण दगड कसला लागला आणि आधार कसला द्यायचा हे तिथे ठरत नव्हते. फायलीचा प्रवास तोडला, हीच त्या मुदतीची खरी पूर्वतयारी होती. काम सातही ठिकाणी एकाच वेळी सुरू झाले. कठीण खडकासाठी स्वीडनहून हायड्रॉलिक ड्रिलिंग यंत्रे आणली. पानवलच्या पुलाला एका टोकाला गाळा, म्हणजे खांबांवर टेकणारा पुलाचा आडवा भाग, तयार करून तो पुढे ढकलत नेण्याची पद्धत वापरली. भारतात ती तेव्हा नवी होती.

भूसंपादन हे असल्या कामांचे नेहमीचे स्मशान. इथे सुमारे ४३,००० जमीनमालक होते. तरी बहुतांश जमीन वर्षभरात ताब्यात आली, कारण रेल्वे यावी ही इच्छा गावागावांत आधीपासून होती आणि अनेकांनी स्वतःहून जमीन दिली. उद्दिष्टाला बाहेरून मिळालेले हे बळ श्रेयाच्या हिशेबात बहुतेक वेळा धरले जात नाही. ते धरले पाहिजे.

व्यवस्थापनाचे अभ्यासक सिम सिटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक मुद्दा मांडला होता. ज्या संस्थेचे अलीकडचे काम चांगले झाले आहे आणि जिच्याकडे गरजेपेक्षा थोडी जास्त साधने आहेत, तिला अशक्यप्राय उद्दिष्ट पेलते. प्रत्यक्षात मात्र असे उद्दिष्ट घेते ती संस्था अडचणीतली असते आणि तिच्याकडे शिल्लक काही नसते. कोकण रेल्वे या कसोटीवर मधेच कुठेतरी पडते. पैशाची ओढाताण होती. पण नवी कंपनी, मोकळे अधिकार, निवडून घेतलेली माणसे आणि लोकांची सदिच्छा ही शिल्लक तिच्याकडे होती. सहा जणांचे काम चौघांवर टाकून, मंजुरीच्या पायऱ्या तशाच ठेवून, वर टार्गेट वाढवणाऱ्या विभागप्रमुखाने आपली तुलना श्रीधरन यांच्याशी करू नये.

दर्जा खाली आणला नाही

वेळेचे टार्गेट कडक असले की दर्जा हळूच खाली सरकतो. इथे तशी वाट उपलब्ध होती. चढ तीव्र ठेवला असता, वळणे आखूड केली असती, तर डोंगराला वळसा घालत जाता आले असते आणि कित्येक बोगदे, पूल वाचले असते. तसे केले नाही. चढ जास्तीत जास्त १५० मीटरला एक मीटर, वळणाची त्रिज्या किमान १,२५० मीटर आणि आखणी ताशी १६० किलोमीटर वेगासाठी, हे निकष ठरले आणि राहिले. मुदत आणि निकष दोन्ही एकदमच कडक ठेवले, तेव्हा कुठेतरी काहीतरी सुटणार हे उघड होते. सुटली ती मुदत. माझ्या मते सुटायला हवी होती तीच सुटली. उद्दिष्ट ठरवताना यातले काय आधी सोडायचे हे मनात स्पष्ट असणे फार गरजेचे आहे. नाहीतर कामाच्या रेट्यात ते निर्णय कोणी न घेताच होऊन जातात.

आणखी एक गोष्ट चांगली झाली. संपूर्ण मार्ग तयार होईपर्यंत कोणी थांबले नाही. मार्च १९९३ मध्ये मंगळूर–उडुपी, त्याच वर्षी जूनमध्ये रोहा–वीर, मार्च १९९५ मध्ये खेडपर्यंत आणि डिसेंबर १९९६ मध्ये सावंतवाडीपर्यंत गाडी आली. मुंबईचा चाकरमानी सावंतवाडीला उतरू लागला, तेव्हा पाच वर्षांची मुदत उलटून गेली होती. पण लोकांच्या आणि कामगारांच्या लेखी काम अयशस्वी ठरले नव्हते, कारण ते दिसत होते. उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळे ही पुढे श्रीधरन यांच्या प्रकल्पांची ओळख बनली आणि तिची चर्चा खूप होते. मला त्या घड्याळांपेक्षा हे टप्प्याटप्प्याने उघडलेले मार्ग जास्त परिणामकारक वाटतात. घड्याळ किती उरले ते सांगते, धावणारी गाडी किती झाले ते.

पेडण्याची माती

आता ती बाजू, जिच्यामुळे हे प्रकरण सरळ यशोगाथा म्हणून सांगता येत नाही.

गोव्यात मार्गाला विरोध झाला. खाजन जमिनी (खाडीकाठच्या, बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनी), पाणथळ भाग, दाट वस्तीची गावे यांवरून रेल्वे जाऊ नये, ती आतल्या भागातून न्यावी अशी मागणी होती. १९९३ मध्ये तिथले काम थांबले आणि न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. शेवटी रेल्वे किनारपट्टीच्याच बाजूने गेली, पण मधले महिने गेले ते गेलेच. मुदत ठरवताना संमतीला लागणारा वेळ धरला नव्हता. उत्तरेकडे संमती आयती मिळाली होती, त्यामुळे ती सगळीकडे तशीच मिळेल असे गृहीत धरले गेले असावे.

त्याहून मोठा प्रश्न मातीचा होता. रायगड-रत्नागिरीतल्या कातळात बोगदा कसा काढायचा हे माहीत होते. भोके पाडा, सुरुंग लावा, राडारोडा उपसा, पुढे सरका. यंत्र चांगले आणले, पाळ्या नीट लावल्या, तर दिवसाला किती मीटर होतील हे सांगता येत होते. तिथे मुदतीने आपले काम चोख केले. पण नऊ बोगदे असे होते की ते मऊ, पाण्याने भिजलेल्या मातीतून जात होते. पुढचा भाग खणावा, आधार द्यावा, तोवर समोरची माती आत यावी. यंत्रे तिथे निरुपयोगी ठरली. हाताने, इंच-इंच पुढे जात, आधार देत काम करावे लागले. त्यांना मिळून सुमारे चार वर्षे लागली आणि त्या कामात १९ माणसे दगावली. सगळ्या मार्गावर मिळून मृतांचा आकडा ७४ सांगितला जातो. रत्नागिरी स्थानकाच्या परिसरात त्यांचे स्मारक आहे. गोव्यातला पेडण्याचा बोगदा या नऊंमधला सर्वांत हट्टी. सगळा मार्ग शेवटी त्याच्यासाठी खोळंबला होता.

उद्दिष्टांवर सर्वाधिक संशोधन केलेले एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांचे म्हणणे बहुतेक प्रशिक्षणांत अर्धेच सांगितले जाते. नेमके आणि अवघड उद्दिष्ट दिले तर ‘जमेल तेवढे करा’ म्हटल्यापेक्षा काम चांगले होते, हा अर्धा भाग. उरलेला असा: हे तेव्हा लागू पडते, जेव्हा माणसांकडे कौशल्य असते, त्यांची बांधिलकी असते आणि प्रगती कळत असते. काम गुंतागुंतीचे आणि नवे असेल, पद्धतच हाती नसेल, तर निकालाचे उद्दिष्ट उलट घात करते. तिथे शिकण्याचे उद्दिष्ट द्यावे लागते. म्हणजे ‘अमुक तारखेला बोगदा आरपार’ हे टार्गेट न ठेवता, या मातीत काम करण्याच्या किती पद्धती तपासल्या, कोणती का फसली, माती आत येण्याआधी कोणती खूण दिसते, याची मोजदाद.

पेडण्यासाठी वेगळी मुदत, वेगळा मापदंड आणि जगभरातून आणलेले तज्ज्ञ हे पहिल्या दिवसापासून असते, तर किती जीव वाचले असते हे मी सांगू शकत नाही. पण ७४० किलोमीटरला एकच मुदत लावणे ही चूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या कार्यालयांत हीच चूक रोज होते. विक्रीच्या टीमला, जी तेच उत्पादन त्याच ग्राहकांना दहा वर्षे विकते आहे, आणि नवे तंत्र पहिल्यांदाच हाताळणाऱ्या चौघांच्या टीमला, एकाच बैठकीत एकच ‘तीस टक्के जास्त’ वाटले जाते. पहिली टीम कदाचित ते करून दाखवेल. दुसरी टीम एकतर आकडे रंगवेल किंवा माणसे मोडेल.

काम संपल्यावर उरलेले

१ मे १९९८ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते मार्गाचे औपचारिक लोकार्पण झाले. मुंबई ते मंगळूर हे रेल्वेचे अंतर २,०४१ किलोमीटर होते, ते ९१४ वर आले. कोकणच्या माणसाच्या आयुष्यात याने काय बदलले ते वेगळे सांगायला नको.

पण २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ डोंगर कापून केलेल्या घळीत दगड रुळांवर आले आणि त्यांवर आदळून गाडी घसरली. पन्नासहून अधिक प्रवासी गेले. वर्षभरात, जून २००४ मध्ये, महाडच्या बाजूला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळांवर आलेल्या दगडांमुळे पुलावरून खाली गेली. त्यानंतर उतार सौम्य करणे, कड्यांना जाळ्या बसवणे, पावसाळ्यात गस्त वाढवणे आणि गाड्यांचा वेग कमी ठेवणारे वेगळे पावसाळी वेळापत्रक, ही कामे जोमाने झाली. अपघातांचे खापर मी घाईवर फोडत नाही. तसे म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. इतकेच म्हणेन, की पायाभरणीच्या वेळी ठरलेले उद्दिष्ट ‘गाडी कधी धावेल’ हे मोजत होते. डोंगर कापल्यावर तो पंधरा पावसाळे कसा उभा राहील, हे मोजणारा आकडा त्यात नव्हता. पेडण्याच्या बोगद्याची भिंत ऑगस्ट २०२० मध्ये ढासळली, जुलै २०२४ मध्ये तिथे पाणी आणि चिखल येऊन गाड्या थांबल्या. ती माती अजून तशीच आहे.

म्हणून अशा उद्दिष्टाची तपासणी लोकार्पणाच्या दिवशी संपवता येत नाही. टीमने मुदत गाठली म्हणून बक्षीस दिले आणि पुढच्या तीन वर्षांत दुरुस्तीवर किती माणसे राबली हे कोणी मोजलेच नाही, तर उद्दिष्टाबद्दल आपण काहीच शिकलो नाही.

श्रीधरन यांच्या पुढच्या कामाशी तुलना केली की एक गोष्ट ठळक दिसते. कोकणातले काम संपत आले असताना ते दिल्ली मेट्रोकडे गेले. पद्धत तीच होती: छोटी रचना, जागेवर निर्णय, उलटे घड्याळ. पहिल्या टप्प्याचे ६५ किलोमीटर डिसेंबर २००५ मध्ये, ठरलेल्या वेळेच्या जवळपास तीन वर्षे आधी पूर्ण झाले. म्हणजे पाच वर्षांच्या मुदतीत सातच्या वर वर्षे घेणारा आणि मुदतीच्या आधी काम संपवणारा माणूस एकच. दिल्लीचे कौतुक जास्त झाले. पण कोकणाला दहा वर्षांची सैल मुदत मिळाली असती आणि ते काम नऊ वर्षांत ‘वेळेआधी’ झाले असते, तर रोखेधारकांचे व्याज आणखी वाढले असते आणि सावंतवाडीला गाडी १९९६ मध्ये नक्कीच आली नसती. त्यामुळे दोन प्रकल्पांतला कोणता चांगला चालवला गेला, हे ठरवताना मी मुदत पाळली की चुकली हा रकाना शेवटी पाहतो. आधी पाहतो तो सात विभागांपैकी प्रत्येकात काय माहीत होते, काय नव्हते, आणि ते ज्याने मुदत दिली त्याला किती आधी कळले होते.